टर्कीची टेहळणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी शेतात जाऊन टर्की (अमेरिकेतला मोठा रानपक्षी) कुठे झोपतात, कुठे चरतात हे हेरायचं आणि मग तिथेच दबा धरून बसायचं, हे तुम्हाला कपट वाटतं. ‘टर्की पिकाची नासाडी करतात’ ही शिकाऱ्यांची सोयीची सबब आहे, असंही तुम्ही लिहिलंय. हा दुसरा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला मान्यच आहे.

टर्की दिवसाढवळ्या, थव्याने, उघड्या शेतात चरते. त्यामुळे आळ तिच्यावर येतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने इंडियाना राज्याच्या उत्तर भागात मका आणि सोयाबीनच्या नुकसानीचा अभ्यास केला, तेव्हा मक्यात मुख्य दोषी रॅकून नावाचे छोटे रानटी प्राणी निघाले आणि सोयाबीनमध्ये हरणं. रॅकून रात्री येऊन कणसं ओरबाडून जातो. सकाळी शेतकऱ्याला तिथे दिसते ती टर्की. एप्रिलमध्ये ती बहुतेक गेल्या हंगामात सांडलेले दाणे आणि किडे वेचत असते. आमच्या विस्कॉन्सिन राज्यात गोठ्यातलं शेण हिवाळ्यात शेतात पसरतात, त्यातले न पचलेले मक्याचे दाणेसुद्धा ती उकरून खाते. तेव्हा पीक वाचवायला मी बंदूक उचलतो असं मी कधीच म्हणणार नाही. मी खाण्यासाठी शिकार करतो.

आता टेहळणी. मी जातो ते शेत व्हर्नन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे. टेकड्यांच्या माथ्यावर ओकची झाडी, उतारावर लसूणघास आणि मका. या राज्यातून टर्की एकोणिसाव्या शतकातच नाहीशी झाली होती. 1976 साली मिसूरीतून पकडून आणलेले 29 रानटी पक्षी याच काउंटीत सोडले आणि तिथून ती पुन्हा पसरली. वसंतातली पहिली शिकार 1983 साली झाली. मधली सात वर्षं कुणीतरी थांबलं, मोजत राहिलं, म्हणून आज शिकार करता येते.

टेहळणीत मी काय करतो? पहाटे बांधाच्या बाजूला, लांब उभं राहून ऐकतो. नर झाडावरूनच साद देतो, मग उजाडताना खाली उतरतो. पक्षी दूर गेले की शेताची कड धरून चालतो. नराची विष्ठा लांबट, टोकाला वळलेली असते. मादीची गोळा होऊन पडलेली. मऊ मातीत ठशांच्या दोन्ही बाजूंना बारीक रेघा दिसल्या, की नर तिथे पिसारा फुलवून, पंख जमिनीला घासत मिरवला आहे. छातीचं पीस काळ्या कडेचं असेल तर नराचं, फिकट तपकिरी कडेचं असेल तर मादीचं.

आणि मादी कुठे वावरते हे कळणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. वसंतात परवाना मुख्यतः नरासाठी असतो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, म्हणून थोडे नर गेले तरी वीण थांबत नाही. मादी गवतात, शेताच्या कडेला दहा-बारा अंडी घालून साधारण 28 दिवस उबवते. तिला एकदा उठवलं तर ती घरटं सोडूनही देते. म्हणून ती जिथे घुटमळते तो कोपरा मी हंगामात सोडून देतो आणि शेतमालकालाही सांगतो, कारण मे महिन्याच्या अखेरीस लसूणघासाची पहिली कापणी होते आणि यंत्राखाली घरटी सापडतात.

माणसांच्या सुरक्षिततेसाठीही टेहळणी हवी. टर्कीच्या शिकारीत माणूस जखमी होतो तो बहुतेक वेळा कुणीतरी आवाजावर किंवा हालचालीवर गोळी झाडल्यामुळे. नराचं डोकं लाल, निळं, पांढरं असतं, म्हणून ते रंग अंगावर घालून कुणी रानात बसत नाही. वासरं कुठल्या कुरणात आहेत, कुठलं फाटक लावून घ्यायचं, पलीकडच्या टेकडीआड घर आहे का, हे शेतमालकाशी बोलून, पायी फिरूनच कळतं. परवानगीशिवाय तर पाऊलही टाकता येत नाही. हे काही न बघता ऐन हंगामात अंधारात अनोळखी शेतात बंदूक घेऊन शिरलेला माणूस तुम्हाला जास्त प्रामाणिक वाटेल का?

‘मराठी माणसाने हे लिहावं का’ असं तुम्ही विचारलंत. भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. आपल्या रानकोंबड्यावर किंवा मोरावर बंदूक रोखायचं माझ्या मनातही येणार नाही. इथे अमेरिकेत हंगाम, विभाग, परवान्यांची संख्या सरकार ठरवतं, आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राज्यांना मिळतो.

झाडावर बसलेल्या पक्ष्यावर मी गोळी झाडत नाही. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट मात्र मीही टेहळणीत वाईट मानतो : हंगामाआधी मादीचा खोटा आवाज काढून नराला जवळ बोलावून बघणं. पक्षी विनाकारण हैराण होतो, सावध होतो आणि ऐन विणीच्या दिवसांत त्याची वेळ वाया जाते. माझ्यासोबत शेतावर येणाऱ्यांना मी आधीच सांगतो, शिट्टी घरी ठेवा, दुर्बीण आणा.