काका, चिमट्याचं तुमचं खरं, चुन्याचं मात्र नाही

काका, कुत्र्याला मधमाशी डसल्यावर काय करावं, या माझ्या लेखावर तुम्ही चिडून लिहिलंय : "चाळीस वर्षं झाली आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) कुत्री पाळतो. माशी डसली की चिमट्यानं काटा उपटायचा, चुना थापायचा, लईच सुजलं तर घरातली सर्दीची गोळी. एक मेलं नाही. लोकायला कामून भेव दाखवता? अन् आखाड्यावर डॉक्टर काय उडत येतो का?"

चिमट्यापासून सुरू करते, कारण तिथे चूक माझी आहे. चिमट्यानं विषाची पिशवी पिळली जाते, म्हणून एटीएम कार्डानं काटा खरवडून काढा, असं मी ठासून लिहिलं होतं. लहानपणापासून हेच ऐकत आले. पण 1996 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात माणसांवरचा एक प्रयोग छापून आला होता. काटा ओढून काढा नाहीतर खरवडून, फरक पडला नाही. उशीर केला तर मात्र गांधी मोठी उठली. तुटून राहिलेली पिशवी आपली आपण विष ढकलत राहते, आणि बहुतेक विष पहिल्या मिनिटाच्या आतच शरीरात जातं. तेव्हा कार्ड शोधत घरात पळण्यापेक्षा नखानं उपटलेलं बरं. लेखातली ती ओळ आज बदलली. ओठ, नाकाचा शेंडा आणि पंजाच्या बोटांमधली जागा आधी बघायची. काटा सापडलाच नाही तर गांधीलमाशी असू शकते, ती काटा मागे सोडत नाही.

चुन्याला मात्र माझा विरोध कायम. आमचा शेरू दोन वर्षांपूर्वी फुललेल्या करडईत माशीवर झडप घालायला गेला आणि वरच्या ओठाला डसवून घेऊन आला. शेजारच्या आजींनी मायेनं डबीतला चुना बोटभर लावला. कुत्रं ते चाटणारच की! तासाभरानं ओठ होता तसाच पापडासारखा फुगलेला, वर जिभेचा शेंडा लालबुंद. पाण्याच्या टोपल्यावर वाकायचा, जीभ टेकली की मागे सरायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत भाकरीला तोंड लावलं नाही. माशीनं दिलं त्याहून जास्त दुखणं चुन्यानं दिलं.

माशीचं विष आंबट आणि चुना त्याचा उतारा, हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण विष कातडीखाली गेलेलं असतं आणि चुना वर बसतो. शिवाय आग होते ती मुख्यतः विषातल्या मेलिटिन नावाच्या घटकानं, नुसत्या आंबटपणानं नाही. (मी सुचवलेला खाण्याचा सोडाही त्याच माळेतला मणी, तोही काढून टाकला.) माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा-दहा मिनिटं धरायचं. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून.

सर्दीच्या गोळीचं नीट ऐका. नुसती सेट्रिझिन, म्हणजे अ‍ॅलर्जीवरची गोळी, डॉक्टर कुत्र्यांना देतातही, वजन विचारून. पण सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत जोडीला पॅरासिटामॉल आणि नाक मोकळं करणारं औषध असतं, ती दोन्ही कुत्र्याला घातक ठरू शकतात. आयब्युप्रोफेन हे दुखण्यावरचं औषधही तसलंच. स्ट्रिपवर काय लिहिलंय ते फोनवर डॉक्टरला वाचून दाखवल्याशिवाय पोटात काही घालू नका.

"एक मेलं नाही" हे मला पटतं. एका डंखानं बहुतेक कुत्र्यांना सूज येते आणि दिवसा-दोन दिवसांत उतरते. अडचण होते ती एखाद्याच कुत्र्याची, ज्याला त्या विषाचं वावडं असतं. त्याचं तोंड सुजेलच असं नाही. अचानक उलटी, ढाळ, मागचे पाय लटपटणं, मग आडवं पडणं. अर्ध्या-एक तासात हे दिसतं. हिरड्या पांढऱ्या पडतात. गावठी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्याच असतात, तेव्हा डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. असं काही दिसलं, किंवा डंख तोंडात-घशात होऊन श्वास घरघरायला लागला, तर मोटारसायकलवर पुढ्यात घेऊन निघायचंच. तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, गोळीनं भागत नाही. डॉक्टर उडत येत नाही हे खरंच, म्हणून तर तालुक्याच्या डॉक्टरचा नंबर आखाड्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा म्हणते. परभणी किंवा उदगीर जवळ असेल तर तिथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की बांधावरच्या चिंचेवर आग्या मोहोळ बसलंय आणि पुढच्या आठवड्यात ते झाडायला माणसं येणार आहेत. मला सगळ्यात भेव त्याचंच वाटलं. आग्याच्या माश्या एक-दोन येत नाहीत, आणि साखळीला बांधलेलं कुत्रं पळू शकत नाही. शेकड्यानं डंख बसले तर त्या दिवशी वाचलेलं कुत्रंही पुढच्या दोन-चार दिवसांत मूत्रपिंडं निकामी होऊन जाऊ शकतं. लघवी काळपट-तांबडी दिसली की समजायचं. तुमची दोन्ही कुत्री आदल्या संध्याकाळीच सोडून गावातल्या घरी आणून कोंडा, आणि धूर निवून माश्या पांगेपर्यंत आखाड्याकडे नेऊ नका.