‘कफनाला खिसा नसतो’ म्हणणाऱ्या सल्ल्यांना उत्तर

निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या मंडळींसाठीचा एक खुसखुशीत संदेश गेले काही महिने व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. त्यातील सल्ले थोडक्यात असे : कफनाला खिसा नसतो, म्हणून साठवणे थांबवा, मुलगा कर्तबगार निघाला तर त्याला तुमचा पैसा नको आणि नालायक निघाला तर तो उडवणारच, मग साठवता कशाला, मेडिक्लेमच्या हप्त्याऐवजी त्या पैशात फिरून या, साठीनंतर प्रवास फुकटच असतो, आलेली रक्कम जिथे सर्वांत जास्त व्याज मिळते तिथे एकरकमी ठेवा, शहर सोडून कोकणात जा, निम्म्या खर्चात राजासारखे राहाल, घर मुलाच्या नावावर करून मोकळे व्हा, आणि पैशाचे व्यवहार बायकोला कळू देऊ नका, म्हणजे घरखर्च आपोआप कमी होतो.

हसून पुढे पाठवण्यापुरता हा संदेश राहिला असता तर मी लिहिले नसते. परंतु आमच्याच इमारतीतील एका गृहस्थांनी या वर्षी मेडिक्लेमचे नूतनीकरण केले नाही आणि दुसऱ्यांनी मला बक्षीसपत्राचा, म्हणजे हयातीतच घर दुसऱ्याला देऊन टाकण्याच्या दस्ताचा, मसुदा विचारला, तेव्हा दोघांच्याही बोलण्यात या संदेशातील वाक्ये जशीच्या तशी होती. मी एका बँकेत ३१ वर्षे काम केले, त्यातील बरीच वर्षे पेन्शनच्या टेबलावर गेली. तिथे जे पाहिले त्याच्या आधाराने हे उत्तर देत आहे.

कफनाच्या आणि मुलाच्या दोन्ही वाक्यांत एकच गृहीत धरले आहे, ते म्हणजे साठवलेला पैसा मागे ठेवण्यासाठीच असतो. प्रत्यक्षात त्या पैशाचे पहिले मालक आपण आणि आपला जोडीदार असतो. राज्य शासनाचे बहुतेक कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात. पत्नी वयाने चार-पाच वर्षांनी लहान असेल तर तिचे ८५वे वर्ष येईपर्यंत तीस वर्षांहून अधिक काळ जातो, आणि एवढी वर्षे नव्या कमाईविना काढायची असतात. महागाई दरसाल ६ टक्के धरली तर किमती साधारण १२ वर्षांत दुप्पट होतात. म्हणजे आज महिना ४०,००० रुपयांत चालणारे घर १२ वर्षांनी ८०,००० आणि २४ वर्षांनी १,६०,००० रुपये मागेल. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते. ८.२ टक्के दराने तिचे दर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये हाती येतात. ही योजना मला मनापासून चांगली वाटते. तरीही पाच वर्षे तो आकडा तसाच राहतो आणि भाजीचा, औषधाचा व मोलकरणीच्या पगाराचा आकडा मात्र वाढत जातो, म्हणून सुरुवातीच्या वर्षांत व्याजातलाही काही भाग बाजूला टाकावा लागतो. निवृत्तीच्या दिवशीच साठवणे थांबवणाऱ्याच्या हिशेबात ही बाब येतच नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. स्वतःवर खर्च न करणारी माणसेही मी पाहिली आहेत. एक गृहस्थ दर महिन्याला मुदतठेवींच्या पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून टेबलाशी येत, एकेक पावती डोळ्यांजवळ नेऊन तारीख वाचण्याचा प्रयत्न करत आणि शेवटी मलाच वाचायला सांगत. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली असे आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी’ असे. अशा माणसाला कफनाचे वाक्य जरूर ऐकवावे. डोळे, दात, श्रवणयंत्र, न्हाणीघरात न घसरणारी फरशी आणि भिंतीला धरायला दांडी, यांवर केलेला खर्च पुढचा मोठा खर्च टाळतो. पण संदेश सांगतो तो खर्च हा नाही.

फुकट प्रवासाबद्दल फारसे लिहिण्याची गरज नाही. रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली. एसटीत ६५ ते ७५ वयापर्यंत अर्धे तिकीट आहे आणि पूर्ण मोफत प्रवास ७५ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो.

मेडिक्लेम सोडण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण ही चूक मागाहून दुरुस्त करता येत नाही. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेल्या आजारांचा खर्च कंपनी सुरुवातीची काही वर्षे देत नाही, आणि जुन्या पॉलिसीत ही प्रतीक्षा संपलेली असते. ती पॉलिसी बंद पडून पुन्हा नवी घेतली, तर मधुमेह किंवा रक्तदाबासाठीची प्रतीक्षा, जी जास्तीत जास्त तीन वर्षांची असू शकते, नव्याने सुरू होते. एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घेण्यासाठी ६५ वर्षांची वयोमर्यादा राहिलेली नाही हे खरे. परंतु वय आणि आजार पाहून हप्ता ठरवण्याचा किंवा अर्जच नाकारण्याचा मार्ग कंपनीला मोकळा आहे. ‘आता सरकारच पाच लाख देते’ असेही कोणी म्हणतात. आयुष्मान भारत योजनेतील ते संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता मिळते, पण ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आणि योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांतच. ५८व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याच्या हातातून कार्यालयाची गटविमा पॉलिसी बहुधा लगेच जाते, आणि सत्तरी यायला १२ वर्षे असतात. हृदयाची आणि गुडघ्याची दुखणी अनेकदा याच काळात डोके वर काढतात. म्हणून कार्यालयातील शेवटच्या वर्षातच विमा कंपनीला लेखी विचारावे की गटविम्यातून वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का आणि प्रतीक्षेची झालेली वर्षे धरली जातील का.

जास्त व्याजाच्या मोहाबद्दल महाराष्ट्राला तरी वेगळे सांगायला नको. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती, आणि त्या रांगांमध्ये निवृत्तीची सगळी पुंजी एकाच बँकेत ठेवलेले लोक होते. बँक बुडाल्यास ठेवीदाराला भरपाई देणाऱ्या ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाखांवर गेली. ती प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून आहे. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवल्याने ती चौपट होत नाही. पतसंस्थांच्या ठेवींना तर हे संरक्षण मुळीच नाही. कोपऱ्यावरच्या पतसंस्थेत ओळखीचा संचालक दीड-दोन टक्के जास्त देतो म्हणून ग्रॅच्युइटीचा सगळा धनादेश तिथे भरणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे.

कोकणात स्वस्तात राहता येते, यात तथ्य आहे. घर असेल, माणसांचा राबता असेल आणि प्रकृती धडधाकट असेल तर जरूर जावे. परंतु सिंधुदुर्गातून गंभीर रुग्णाला आजही अनेकदा गोव्यातील बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यावे लागते, आणि पावसाळ्यातल्या रात्री ते अंतर किती लांबते हे तिथल्या कोणालाही विचारावे. शहरातले घर विकून जाण्याआधी निदान एक अख्खा पावसाळा तिथे राहून पाहावे.

आता घर. रक्ताच्या नात्यात राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्यामुळे हा सल्ला लोकांना सोपा वाटतो. पण नोंदणीकृत बक्षीसपत्र झाले की घर त्याच दिवशी दुसऱ्याचे होते, आणि ते केवळ मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. पुढे मुलाचे कर्ज थकले, त्याचा संसार मोडला किंवा दुर्दैवाने तोच आधी गेला, तर आपण त्याच घरात कोणाच्या तरी मर्जीवर राहतो. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठी असलेल्या २००७च्या कायद्यातील कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट पाळली गेली नाही तर, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकते. पण ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असेल तरच आपली बाजू भक्कम राहते, आणि सत्तरीत त्या न्यायाधिकरणासाठी प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढण्याची वेळ का आणावी? मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात, आणि हयातीत ते कितीही वेळा बदलता येते. मुलावर प्रेम आहे म्हणून घर आजच त्याच्या नावावर केले पाहिजे, असे मुळीच नाही. बक्षीसपत्र विचारणाऱ्या शेजाऱ्यांना मी मृत्युपत्राचा नमुना दिला.

शेवटचा सल्ला, व्यवहार बायकोला कळू न देण्याचा, वाचून मला हसू आले नाही. पेन्शनच्या टेबलावर पती गेल्यानंतर आलेल्या किती स्त्रियांना कोणत्या बँकेत किती खाती आहेत हेही ठाऊक नव्हते, हे मी मोजलेले नाही. पण दर महिन्याला एखादी तरी असे. खाते एकट्याच्या नावावर, नामनिर्देशन लग्नाआधीचे आणि म्हणून आईचे, तीही कधीच गेलेली. नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे मालक नव्हे, शेअर्सच्या बाबतीतही नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे नामनिर्देशन आणि मृत्युपत्र दोन्ही लागतात. खाते ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणीही आणि एकाच्या मागे दुसऱ्याने चालवण्याचे, करायला एक अर्ज आणि दोन सह्या लागतात. ठेवी, पॉलिसी, लॉकर, डीमॅट आणि थकीत देणी यांची यादी एका वहीत लिहून, ती दोघांनी मिळून वर्षातून एकदा वाचायला एक दुपार पुरते.

आमच्या शेजारच्या काकू पती गेल्यानंतर अकरा महिने त्यांच्या मोबाइलचे रिचार्ज करत होत्या. गॅसपासून ठेवींच्या व्याजापर्यंत प्रत्येक गोष्टीचा ओटीपी त्याच नंबरवर येत असे. तो फोन त्यांनी स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर चार्जरला लावून ठेवला होता. वाजला की त्या पोळी तव्यावरच टाकून धावत आणि सहा आकडे वाचायला समोरच्या मुलीला हाक मारत. काकांनी सगळे व्यवहार चोख ठेवले होते, एकही हप्ता चुकला नव्हता. त्यांनी काकूंना ते कधी दाखवले मात्र नव्हते.