फ्रॅटमध्ये गेला म्हणजे पोरगा वाया गेला, हे आता बंद करा

आज इथे अमेरिकेत आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकला एका ताईंनी सगळ्यांसमोर लेकाला सुनावलं, "फ्रॅटचं नाव काढायचं नाही, इंजिनियरिंगला पाठवतोय तुला, दारू प्यायला नाही." फ्रॅट म्हणजे फ्रॅटर्निटी, इथल्या कॉलेजांतली मुलांची संघटना, बऱ्याचदा स्वतःचं राहायचं 'हाउस' असलेली. पोरगा ऑगस्टमध्ये कॉलेजला जाणार, ताटात मान घालून बसला आणि आजूबाजूचे सगळे "बरोबर आहे, बरोबर आहे". इतका संताप झाला की साडीही न बदलता लिहायला बसलेय.

माझा मुलगा मेकॅनिकलला आहे आणि फ्रॅटमध्येही आहे. सेकंड इयरला फॅमिली वीकेंडला आम्ही त्याच्या हाउसवर गेलो, सोमवारी त्याची थर्मोची (थर्मोडायनॅमिक्सची) मिडटर्म होती. जेवणाच्या लांबलचक टेबलावर स्टीम टेबल्सची, म्हणजे वाफेच्या कोष्टकांची, पानं पसरलेली, शेजारी त्याचा सिनियर, आणि दर गणिताला एकच प्रश्न, "आकडा नंतर शोध, आधी सांग वाफ सॅच्युरेटेड की सुपरहीटेड?" शनिवारची रात्र, खाली बेसमेंटमध्ये गाणी दणदणतायत, आणि हा फायनल इयरचा मुलगा स्वतःचं डिझाइन प्रोजेक्ट बाजूला ठेवून माझ्या पोराला शिकवतोय. कुठला ट्यूटर करेल हो एवढं?

आणि ट्रँगल ही इंजिनियरिंग-सायन्सवाल्यांची फ्रॅट काय टवाळखोरांनी काढली? 1907 साली इलिनॉय विद्यापीठात सिव्हिलच्या मुलांनी सुरू केली ती. इंजिनियरिंगच्या मुलींची फाय सिग्मा रो 1984 ला पर्ड्यूमध्ये निघाली. पण आपल्याला फक्त पिक्चरमधल्या पार्ट्या माहीत.

दारू असते, नाही म्हणत नाही. आणि 2017 ला पेन स्टेट विद्यापीठात टिमोथी पियाझा गेला तो इंजिनियरिंगचाच होता, 19 वर्षांचा. प्लेज, म्हणजे फ्रॅटचा होऊ घातलेला मेंबर, झाल्याच्या रात्री त्याला पाज पाज पाजली, जिन्यावरून पडला, आणि तासन् तास कुणी अँब्युलन्स बोलावली नाही. कुणाचं तरी लेकरू होतं ते. असल्या हाउसेसना कायमचं कुलूप लागलं पाहिजे, तिथे माझ्याकडून दयामाया नाही. 2024 च्या डिसेंबरात कायदा झालाय, हेझिंगचे, म्हणजे नव्या मेंबरांच्या छळाचे, प्रकार कॉलेजांना आता रिपोर्ट काढून जाहीर करावे लागतात. नुसतं "नाही" म्हणण्यापेक्षा पोराला शेजारी बसवून तो रिपोर्ट वाचा ना!

एका गोष्टीवर मात्र मी ठाम आहे, पहिल्या सेमिस्टरला प्लेज व्हायचं नाही. कॅल्क्युलस, केमिस्ट्री, कोडिंग सगळं एकदम अंगावर येतं, बऱ्याच ठिकाणी ब्रँच पहिल्या वर्षाच्या जीपीएवर ठरते, आणि प्लेजिंग आठवड्यातल्या संध्याकाळी खाऊन टाकतं. माझा पोरगा थांबला, स्प्रिंगला, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरला गेला, काही बिघडलं नाही.

फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणणारी आणि खोलीचं दार लावून एकटीच कुढणारी आपली किती मुलं मी पाहिलीयत. त्या रात्री मी नेलेल्या शंकरपाळ्यांचा डबा मध्ये ठेवून ती दोघं गणितं सोडवत होती, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हा इथे एकटा नाही.

ताई, तुम्ही हे वाचालच. रागावलात तरी चालेल. फक्त तुमच्या लेकाला माझ्या मुलाशी एकदा बोलू द्या, नंबर इनबॉक्स करते. कुठल्या हाउसच्या दारातूनच परत फिरायचं, हेसुद्धा तो सांगेल.