'जिणं आमुचं'वर बंदी? नक्की कोणाची?

आमच्या कळव्याच्या सोसायटी ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय, की दलित लेखिका बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं' या आत्मकथनावर सरकारने बंदी घातली होती, मग एका अमेरिकन बाईने ते शोधून काढलं आणि इंग्रजीत आल्यावरच महाराष्ट्राला ही विसरलेली लेखिका कळली. लोक हात जोडून पुढे पाठवतायत, भावना चांगलीच आहे, पण माहिती जवळजवळ सगळी चुकीची.

इंग्रजीचं आधी घेते. १९८२ ला 'स्त्री' मासिकात ते क्रमशः आलं, १९८६ ला पुस्तक. माया पंडितांचा इंग्रजी अनुवाद २००८ चा. हिशोब तुम्हीच करा.

अमेरिकन बाई म्हणजे मॅक्सीन बर्नसन. मूळच्या तिकडच्या हे खरं, पण त्या फलटणलाच राहिल्या, भारताचं नागरिकत्व घेतलं, मराठीतून शिकवणारी शाळा काढली. बेबीताईंना छापायला त्यांनीच तयार केलं, ते श्रेय त्यांचंच. पण शोधून काढलं कसं म्हणता, लिहिणारी तिथेच होती की, वह्याही तिच्याचकडे.

आणि बंदी! वह्या बेबीताईंनी स्वतः लपवल्या होत्या, नवऱ्याच्या भीतीने, जवळपास वीस वर्षं. घरचं छोटं दुकान, पुड्या बांधायच्या रद्दीतलं त्या वाचायच्या, नवरा माल आणायला गेला की लिहायच्या आणि तो यायच्या आत दडवून ठेवायच्या. एकदा मुंबईला जाताना गर्दीच्या जनरल डब्यात तरुण पोरं त्यांच्याकडे बघत होती एवढ्यावरून नवऱ्याने नाकातून रक्त येईपर्यंत मारलं, हे त्यांनी माया पंडितांना मुलाखतीत सांगितलंय. मूळ पुस्तकात नाही हे. इंग्रजी आवृत्तीत ती मुलाखत आहे, तेवढ्यासाठी ती आवृत्ती मला फार मोलाची वाटते. मी रोज लोकलने जाते, गर्दीत उभी असले की तो डबा आठवतो, आणि 'सरकारने दडपलं' वाचलं की जीव तुटतो, कारण मग घरातल्या माणसाचं नावच निघत नाही.

शेवटी मेसेज म्हणतो, 'एका पीडित स्त्रीची कहाणी'. अहो, नावातच 'आमुचं' आहे! वीरगावचा अख्खा महारवाडा आहे त्यात, उपासमार आहे, बाबासाहेबांमुळे बदललेली माणसं आहेत, आणि आपल्याच वाड्यात सुनांची नाकं कापली जायची हेही न लपवता लिहिलंय.

मेसेज टाकणाऱ्या काकांना उद्या माझी प्रत नेऊन देतेय, सुनांचं ते पान दुमडून.