ऑइलची पंचायत

अंगणात अजून मारुती एट हंड्रेड, पहिल्या जमान्यातली झेन किंवा सँट्रो उभी असेल, तर ऑइल बदलायची वेळ आल्यावर डॅशबोर्डच्या कप्प्याला मुळीच हात लावू नका. त्या कप्प्यात, मंगेशीच्या अंगाऱ्याच्या पुडीखाली आणि मुदत संपलेल्या पीयूसीच्याही खाली, गाडीबरोबर आलेली पुस्तिका असते. तिच्यात एक तक्ता असतो. एका बाजूला तापमानाची पट्टी, तिच्यासमोर त्या त्या हवेत चालणाऱ्या ग्रेडच्या, म्हणजे ऑइलच्या जाडीच्या, रेघा. जवळपासच कुठेतरी किती लिटर ओतायचं आणि किती किलोमीटरांनी किंवा महिन्यांनी बदलायचं हेही छापलेलं असतं. हा तक्ता पाहिला की प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. आणि प्रश्न मिटला तर रविवारी हुमण-भात (माशाची आमटी आणि भात) जेवून बाहेर सोप्यावर बसलेल्या मंडळींनी बोलायचं कशावर? राजकारणावर बोलून भांडणं होतात. ऑइलवर बोलून फक्त इंजिन जातं.

तेव्हा सल्ला माणसांचाच घ्या. पहिला मान कुवेतहून परत आलेल्या भावोजींचा. तिथे त्यांनी पन्नास अंशांच्या उन्हात गाडी हाणली आहे, म्हणून फुल्ली सिंथेटिकखालचं काही त्यांच्या तोंडात येत नाही. ती गाडी कंपनीची होती, ऑइल कंपनी बदलत होती आणि भावोजींनी बॉनेट उघडलेलं कुणी पाहिलेलं नाही, हे मुद्दे काढून जावयाचा पाणउतारा करू नये. सिंथेटिक चांगलंच असतं. उष्णतेत लवकर सडत नाही, थंडीत लवकर वाहतं. फक्त जे इंजिन दर दोन महिन्यांनी अर्धा लिटर ऑइल जाळतं आणि वर गास्केटमधून गाळतं, त्यात महागडं सिंथेटिक ओतणं म्हणजे ते थोडं धुराड्यातून आणि थोडं अंगणात सोडणं. पण प्रतिष्ठा टिकते. शेजाऱ्याला डबा दिसेल असा ठेवा.

दुसरा मान भाच्याचा. तो पुण्याला असतो आणि त्याचा अभ्यास मोबाइलवर झालेला असतो. तो ०डब्ल्यू-२० सुचवेल, कारण पातळ ऑइलने मायलेज वाढतं असं त्याने वाचलंय. खोटं नाही ते. नव्या गाड्यांची इंजिनं तशाच ऑइलसाठी घडवलेली असतात. त्याला एवढंच विचारा की डब्ल्यूच्या आधीचा आकडा कशाचा. तो थंडीतल्या वाहण्याचा, जितका लहान तितकं ऑइल थंडीत पातळ. ०डब्ल्यूची परीक्षा उणे ३५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३०वर, आणि आपल्या गरीब २०डब्ल्यूची उणे १५वर. फोंड्यात जानेवारीच्या पहाटे पारा विशीच्या आसपास उतरला की आपण कपाटातून स्वेटर काढतो. म्हणजे सगळ्यात जाडं समजलं जाणारं ऑइलसुद्धा गोव्याच्या थंडीला पुरून उरतं, आणि आपण मात्र सैबेरियाची तयारी करतो. भाचा हुशार असेल तर म्हणेल की पंचवीस अंशांनाही ५डब्ल्यू हे २०डब्ल्यूपेक्षा लवकर वर चढतं, आणि गाडी सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत त्याचा फायदा असतो. बरोबर आहे. असा भाचा असेल तर त्याला लगेच चहा द्या आणि विषय बदला, कारण दुसऱ्या आकड्यावर गेला तर पंचायत व्हायची. तो आकडा शंभर अंशांवरच्या जाडीचा. पंचवीस वर्षांपूर्वी ४०च्या हिशेबाने घडलेल्या आणि आता झिजलेल्या बेअरिंगांना २०चा थर पुरत नाही. फर्मागुडीच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन कुंथत असताना थर पुरतोय की नाही, हे मायलेजच्या हिशेबात धरायचं नसतं.

खरा अधिकारी माणूस कुडचड्याचा मामेभाऊ. त्याचे खाणीवर चालणारे दोन टिप्पर, म्हणजे माल वाहणारे डिझेल ट्रक, होते. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालू झाल्या, २०१८च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. टिप्पर गेले, बँकेचा हप्ता राहिला आणि मागच्या पडवीत ऑइलचं अर्धं बॅरल राहिलं. हे बॅरल म्हणजे नातेवाइकांची कामधेनू. बूच सैल, वर पावसाळ्याची पागोळी, आत पंप घातलेला. सीलबंद डब्यातल्या ऑइललासुद्धा कंपन्या साधारण पाच वर्षं देतात, आणि उघडं ऑइल हवेतला ओलावा पितं. पण मामेभाऊ सांगतो, ‘ह्याच्यावर टिप्परने दहा टन माती ओढली, तुझी काडेपेटी ती काय!’ या युक्तिवादापुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. डब्यावर बारीक अक्षरांत एपीआयची, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची, दर्जाची खूण असते. एसने सुरू होणारी पेट्रोल इंजिनांसाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी, आणि काही ऑइलवर दोन्ही असतात. पेट्रोलवाल्यांत पुढचं अक्षर मागच्याचं काम करतं. पुस्तिकेत एसजी लिहिलंय आणि दुकानात एसएन किंवा २०२० साली आलेलं एसपी मिळतंय, तर बिनधास्त घ्यावं. पण बॅरलवरचा कागद केव्हाच गळून पडलेला असल्यामुळे ही अक्षरं वाचण्याचा त्रास आपोआप वाचतो.

राहता राहिला मेकॅनिक. त्याने ही गाडी दहा वेळा खाली-वर केलेली असते, म्हणून त्याचं ऐकणं धोक्याचं. तो चिंधीला हात पुसत सांगेल, ‘पात्रांव, हिका ट्वेंटी-फॉर्टी बरें, फिल्टर बदलुया, जालें.’ ट्वेंटी-फॉर्टी म्हणजे २०डब्ल्यू-४०. इतकं सोपं उत्तर देणाऱ्या माणसाला कमिशन मिळत असलंच पाहिजे. त्याला म्हणा, ‘रविवारी घरी बोलून सांगतो.’

आता एका सिद्धान्ताविषयी थोडं सविस्तर, कारण गोव्यातल्या अर्ध्या जुन्या गाड्या त्याच्यावर चालतात: जुन्या गाडीला जाडं ऑइल. ऐकायला हे इतकं शहाणपणाचं वाटतं की त्याच्या मुळाशी थोडं सत्य आहे हेच त्याचं दुर्दैव. पुस्तिकेच्या रेघांमध्ये जाडी ग्रेड असेल आणि इंजिन झिजलेलं असेल, तर एक पायरी वर जाणं चालतं. आपण मात्र पायऱ्या मोजत नाही. ३०वरून थेट ५० आणि त्याच्यावर ‘धूर बंद’ करणारी बाटली. सकाळी थंड इंजिनात २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३०च्या दुपटीहून जाडं असतं. पंप ते ढकलत राहतो, आणि वर कॅमशाफ्ट कोरडी टकटक करत वाट पाहते. ती टकटक ऐकू आली की आणखी जाडं घालावं, म्हणजे सिद्धान्त पूर्ण होतो. निळा धूर व्हॉल्व्हच्या सीलमुळे येतो की रिंगा गेल्यामुळे, हे पाहायला कॉम्प्रेशन तपासावं लागतं. जाड्या ऑइलने तो धूर काही दिवस दबतो. गाडी विकायच्या आदल्या आठवड्यात ही युक्ती नेमकी कोण वापरतं, ते ज्यांनी जुनी गाडी विकत घेतली आहे त्यांना विचारा.

लेव्हल पाहण्याची कलाही आपल्याकडे वेगळी आहे. घर चढणीवर, अंगण उतारावर, गाडीचं तोंड खाली. नुकतीच बंद केलेली गाडी, ऑइल अजून इंजिनाच्या वरच्या भागातच. अशा वेळी डिपस्टिक ओढायची, नाकाशी न्यायची, आणि थेंब अंगठा व तर्जनीत चोळून डोळे मिटायचे. ‘काळं झालंय’ असं म्हटलं की तपासणी संपते. काळं व्हायचंच ते. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. पण सपाट जागी गाडी लावून, पाच-दहा मिनिटं थांबून, दांडी एकदा पुसून, पुन्हा घालून मग दोन खुणांच्या मधे पाहायचं, यात अधिकार कुठे दिसतो? उतारावर कमी दिसलं की अर्धा लिटर ओता. जास्त झालं तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, त्यात बुडून फेस घुसळते आणि पंप हवा ओढतो. पण ‘कमी पडलं’ असं तरी कुणी म्हणणार नाही.

बदलायचं ठरलंच तर काटकसर फिल्टरवर करा. तीन लिटर ऑइलला हजार-दीड हजार मोजून शे-दोनशेचा फिल्टर ‘अजून चांगला आहे’ म्हणून ठेवून द्यायचा, यासारखं समाधान नाही. जुन्या फिल्टरात पावभर जुनं ऑइल असतं, ते नव्यात मिसळून परंपरा राखतं. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, नटाचा वायसर पाच-दहा रुपयांचा, तोही परत वापरा आणि नट लांब पान्याने अंगातला सगळा जोर काढून आवळा. पुढच्या वेळी ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे त्याच्याबरोबर बाहेर येतील, ते मेकॅनिकला दाखवायला जपून ठेवा. रस्त्याकडेला स्वस्तात मिळणारा डबा सीलसकट नामांकित कंपनीचा असेल, तर तुमचाच जुना रिकामा डबा भंगारवाल्यामार्फत भरून परत आलेला असण्याची शक्यता विचारात घेऊ नका. डबे फोडून टाकावेत असं म्हणणारे लोक संशयी असतात.

आता वेळ. आपल्या या गाड्या चालतात किती? रोजची धावपळ स्कूटरवर. गाडी निघते ती चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायला, लग्नाला, आणि रविवारी बाजारापर्यंत मासळीला. वर्षात पुरते दोन हजार किलोमीटर होत नाहीत, मग पाच हजारांवर ऑइल बदलायचं म्हणजे अडीच वर्षं निवांत. पुस्तिकेत महिनेही दिलेले असतात आणि जे आधी होईल ते धरायचं असतं, पण कप्पा आपण उघडलेलाच नाही. चार किलोमीटर जाऊन बंद होणारं इंजिन पुरतं तापत नाही. जळलेल्या पेट्रोलातून निघालेलं पाणी आतच राहतं, त्यात आपला जून ते सप्टेंबर. ऑइलच्या झाकणाखाली पांढुरकी साय दिसली की काही जण घाबरून हेड गास्केट गेलं म्हणतात. रेडिएटरचं पाणी कमी होत नसेल आणि एक लांबची फेरी मारून ती साय गेली, तर बहुधा गेलेलं नसतं. तुम्ही मात्र झाकण पुन्हा लावा. दिसलं नाही की नसतं.

आणि ज्यांची गाडी गळते त्यांनी ऑइल बदलायचंच नाही. थोडं गळतं, थोडं जळतं, तेवढं आपण वरून घालतो, म्हणजे वर्षाकाठी गाडी आपलं ऑइल आपणच बदलते. फिल्टरला हे कुणी कळवलेलं नसतं, एवढंच.

काढलेल्या जुन्या ऑइलची तर फारच मागणी. वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खुंट्यांना, सेंटरिंगच्या फळ्यांना. उरलं तर मागच्या गटारात. २०१६च्या नियमांनी त्याला घातक कचरा ठरवलंय, ते अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवं, पण गटार जवळ आहे. आपला जांभा दगड पाणी झिरपू देतो म्हणूनच आपल्या विहिरी भरतात. ऑइलला तो नाही म्हणत नाही. विहीर तुमची असली तर शेजाऱ्यालाही दोष देता येणार नाही, तेवढी खबरदारी घेऊन ओता.

शेवटी एक दिवस मीटरमध्ये तो लाल दिवा लागेल. तो ऑइलच्या लेव्हलचा नसून प्रेशरचा असतो, आणि लागताक्षणी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करायचं असतं. पण समजा तो बाणस्तारीला लागला. फोंडा काय, हाकेच्या अंतरावर. मागे आई बसलेली, डिकीत बांगडे, ऊन वाढतंय. भोम जाईल, कुंडई जाईल. म्हार्दोळपर्यंत खडखड ऐकू येईल, ती रेडिओ मोठा केला की येत नाही. फर्मागुडीच्या चढावर इंजिन एकदा दचकून जागच्या जागी बसेल.

मग ते उतरवायचं. क्रँक घासायला पाठवायची, बोअर, रिंगा, बेअरिंग, सगळं गाडीच्या किमतीपेक्षा महाग. पंधरा-वीस दिवसांनी बांधून झालं की मेकॅनिक फोन करील, ‘पात्रांव, तेल खंयचें घालूं?’

घाईने काही सांगून बसू नका. रविवार येऊ दे म्हणावं, भावोजी आणि मामेभाऊ जेवायलाच आहेत.