दीड वर्षाचं शिंगरू गाडीला जुंपू नका : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

जत्रांचा हंगाम जवळ आला की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, रायबाग, अथणी भागातल्या घोडागाडीवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शिंगरू दीड वर्षाचं झालं की गाडीला जुंपावं, कोवळेपणी ओझं पडलं की हाड पक्कं होतं. परदेशात दोन वर्षांची घोडी रेस धावतातच की. खुराक दाबून द्यावा. आणि मार बसल्याशिवाय घोडं वठणीवर येत नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत लोक हा मेसेज पुढं ढकलतात आणि त्याचा भुर्दंड मुक्या जिवाला बसतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी हाडाचं. शिंगरू जन्मतःच लांब पायांचं असतं, दीड वर्षात उंचीही बरीचशी भरते, त्यामुळं ते तयार दिसतं. पण लांब हाडांच्या टोकाला वाढीची कूर्चा असते आणि तिचं हाड होईपर्यंत तो भाग कच्चाच. नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) खालच्या टोकाची कूर्चा वर्षाच्या आत भरून येते. गुडघ्याच्या वरची मात्र साधारण अडीच वर्षांपर्यंत उघडी राहते, आणि मणक्यांची पाच वर्षं उलटून गेली तरी पुरती भरलेली नसते. म्हणजे दीड वर्षाला गुडघाही कच्चा, पाठही कच्ची. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूनं हात फिरवून बघा. लवकर जुंपलेल्या शिंगराला तिथं बऱ्याचदा टणक फुगवटा लागतो, कधी तो गरम असतो, दाबला की शिंगरू पाय काढून घेतं. हे ताकदीचं लक्षण नव्हे, वाढत्या हाडाला आलेली सूज आहे.

हालचालीनं कोवळं हाड मजबूत होतं, एवढं त्या मेसेजमधलं खरं आहे. पण ती हालचाल मोकळ्या रानातली. शिंगरू क्षणभर चौखूर उधळतं, थांबतं, चरतं, पुन्हा पळतं. त्याला दिवसभर ठाणाला बांधून ठेवणंही वाईटच. मात्र डांबरी सडकेवर एकाच लयीत गाडी ओढत राहणं ही त्या पळण्याची जागा घेऊ शकत नाही.

परदेशातल्या रेसचा दाखला तर उलटाच पडतो. तिथं पाठीवर हलका जॉकी, खाली तयार केलेली मऊ धावपट्टी आणि हाताशी डॉक्टर असतात. तरीही त्या वयाच्या बऱ्याच घोड्यांच्या नळ्या दुखावतात.

वयाचंही बघा, कारण विकणारा सांगेल ते वय खरं असतंच असं नाही. समोरचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमारास पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. समोरचे सगळे दात लहान, पांढरे आणि मुळाशी आवळलेले दिसले, तर जनावर अडीच वर्षांच्या आतलं आहे.

खुराकाच्या मुद्द्यावर जास्त बोलायला हवं, कारण इथं नुकसान लाडानं होतं. हरभरा आणि भरड दाबून दिली की शिंगरू झपाट्यानं वाढतं, अंग भरतं, आणि कच्च्या सांध्यांवर ते वजन येतं. दुसरी गोष्ट गव्हाच्या कोंड्याची. कोंड्यात कॅल्शियमच्या आठ-दहा पट फॉस्फरस असतो. त्यात आपला भाग उसाचा, हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) मुबलक मिळतात म्हणून तेच पुढ्यात पडतात. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम अंगी लागू देत नाही. कोंडा आणि वाढे हाच रोजचा चारा झाला की शरीर हाडातलं कॅल्शियम ओढून काढतं. जनावर मधूनच लंगडतं, आणि दुखणं वाढलं की तोंडाची हाडं फुगतात. वाळलेलं चांगलं गवत पोटभर, जोडीला लसूणघास आणि खुराक मोजका, एवढ्यावर शिंगरू नीट वाढतं. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं.

आता माराचं. घोडं मुळात पळून जीव वाचवणारं जनावर. मार बसला की ते शिकत नाही, सुटायची वाट शोधतं. मग उधळतं, लाथ झाडतं, आणि आपण त्याला खोडीचं म्हणतो. हाताळणी लवकर सुरू करावी, अगदी आईच्या अंगावर पीत असल्यापासून, पण थोडी थोडी. पाय उचलायला शिकवायचं तर खांद्यापासून हात सावकाश खाली न्यावा, नळीच्या मागची शीर चिमटीत हलकेच दाबावी. खूर जमिनीवरून जरासा सुटला की त्याच क्षणी दाब सोडावा. सोडणं हेच त्याचं बक्षीस. घट्ट धरून ओढाताण केली तर ते फक्त झोंबायला शिकतं. असं शिकलेलं शिंगरू नालबंदापुढं शांत उभं राहतं. काटेरी लगाम आणि खिळ्याची काठी यांना तर 1965 पासून कायद्यानंच मनाई आहे. आपल्याच चिकोडी भागातल्या अंकलीहून शितोळे सरकार घराण्याचे अश्व दरवर्षी वारीसाठी आळंदीला पायी जातात. टाळ-मृदंगाच्या गजरात, हजारो माणसांमधून माउलींचा अश्व रिंगणात धावतो. इतका विश्वास चाबकानं येत नाही.

राहिला पैशाचा सवाल : तीन वर्षं बसवून पोसणं परवडत नाही. ही अडचण खरी आहे, चाऱ्याचे भाव आपण सगळेच भोगतोय. पण ती वर्षं रिकामी जात नाहीत. पहिल्या वर्षी म्होरकी (तोंडाला बांधायची दोरी), पाय उचलणं, खरारा (अंग घासणं) यांची सवय. दुसऱ्या वर्षी हातात धरून गावातून चालवावं, ट्रॅक्टर, बँड, फटाक्यांची सवय करावी, अंगावर नुसतं जुंपायचं सामान घालून काढावं. तिसरं सरल्यावर रिकामी गाडी, मातीच्या वाटेवर, थोडा वेळ. भरली गाडी चौथ्या वर्षानंतर. दीड वर्षाला जुंपून गुडघ्यानं गेलेलं घोडं बाजारात कोणी घेत नाही, आणि त्यालाही चारा तेवढाच लागतो.