सीजीएवर फक्त चार रंग? अहो, नाही

जुन्या पीसीचा विषय निघाला की तोच मजकूर परत परत फिरतो: आयबीएमच्या सीजीए कार्डावर (पीसीचं स्क्रीनवर चित्र दाखवणारं कार्ड) फक्त चार रंग दिसायचे, तेही आकाशी, गुलाबी, पांढरा, काळा, बनवणाऱ्यांना रंगांची जाणच नव्हती, आणि पीसीवर १६ रंगांची चित्रं ईजीए हे त्याच्या पुढचं कार्ड आल्यावरच शक्य झाली. मला हे कार्ड मनापासून आवडतं, म्हणून लिहितोय.

पहिलं, चार रंग. ३२० बाय २०० पिक्सेलच्या मोडमध्ये एका वेळी चारच, हे बरोबर. पण कारण साधं आहे, कार्डावर मेमरी १६ केबी. प्रत्येक पिक्सेलला दोन बिट धरले की १६,००० बाइट होतात, म्हणजे चित्र कसंबसं मावलं. १६ रंगांना चार बिट लागतात, ३२,००० बाइट, ते १९८१ च्या त्या कार्डात बसणारच नाहीत. आणि ते चार ठरलेले नव्हते, बॅकग्राउंड १६ पैकी कुठलाही घ्या, बाकी तिघांसाठी हिरवा-लाल-तपकिरी हा दुसरा संच होताच. जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत स्क्रीन १ करून कलर १,० टाइप करा, निळ्यावर हिरवा-लाल येतो.

दुसरं, रंगांची जाण. हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण आत जे केलंय ते फार सुंदर आहे. पिक्सेलचे दोन बिट म्हणजे एक हिरव्याची तार आणि एक लालची तार, बस. नुसता पहिला चालू तर हिरवा, नुसता दुसरा तर लाल, दोन्ही चालू तर पिवळा, जो आयबीएमचा रंगीत मॉनिटर हिरवा थोडा कमी करून तपकिरी दाखवायचा. आता ३डी९ पोर्टवरचा (पोर्ट म्हणजे कार्डाशी बोलायचा पत्ता) एक बिट चालू केला की या तिघांतही निळा मिसळतो: हिरव्याचा आकाशी, लालचा गुलाबी, पिवळ्याचा पांढरा. म्हणजे तो बदनाम संच कोणी आवडीनं निवडलेला नाही, तो एका निळ्या बिटाचा हिशोब आहे! आणि गेमवाल्यांना पांढरा हवा असायचा, तो याच संचात मिळतो.

तिसरा मुद्दा सगळ्यात चुकीचा. १६० बाय १०० मध्ये १६ रंग सीजीएवर पहिल्यापासून होते, आयबीएमच्या टेक्निकल रेफरन्समध्येही हा मोड आहे, फक्त बायॉसमध्ये (पीसीच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) त्याची सोय नाही, हातानं लावावा लागतो. ८० कॉलमचा टेक्स्ट मोड घ्यायचा, कार्डावरच्या ६८४५ या चित्राची मापं सांभाळणाऱ्या चिपच्या ९ नंबरच्या रजिस्टरमध्ये (आकडा ठेवायचा कप्पा) १ टाकायचा म्हणजे प्रत्येक ओळ दोनच रेघांची उरते, ६ नंबरमध्ये ओळींची संख्या १०० (४ आणि ७ पण त्याच हिशोबानं बदलायचे), आणि ३डी८ पोर्टवर ब्लिंक (अक्षरांची उघडझाप) बंद करायचं नाहीतर बॅकग्राउंडला आठच रंग. मग सगळीकडे २२२ नंबरचं कॅरेक्टर भरायचं, जे उजवीकडून अर्धं भरलेलं असतं, आणि पुढे त्याला हात लावायचाच नाही, फक्त त्याच्या रंगाचा अॅट्रिब्यूट बाइट बदलायचा: बॅकग्राउंड म्हणजे डावा पिक्सेल, फोरग्राउंड म्हणजे उजवा. ८० गुणिले १०० गुणिले २, परत १६,००० बाइट, बरोब्बर तेवढ्याच मेमरीत. मून बग्ज हा गेम १९८३ चा, राउंड ४२ हा १९८६ चा, दोन्ही या मोडमध्ये चालतात, आणि ईजीए आलं १९८४ ला.

मग सगळ्यांनी का नाही वापरला? पिक्सेल जाडजूड, शिवाय ८० कॉलममध्ये कार्ड मेमरी वाचत असताना तुम्ही त्यात लिहिलं की स्क्रीनवर बर्फासारखे ठिपके उडतात, ते टाळायला, कधी लिहिलं तर चालेल हे सांगणारा ३डीए पोर्ट बघत थांबावं लागतं, त्यात वेळ जातो. आणि ईजीएवर तीच रजिस्टर मूल्यं टाकली की चित्राचा विचका होतो, कारण तिथली चिप ६८४५ नाही.

राहिला कंपोझिट आउटपुट, म्हणजे कार्डाची टीव्हीसाठीची जोडणी. अमेरिकन एनटीएससी पद्धतीच्या टीव्हीवर ६४० बाय २०० मोडचे चार पिक्सेल रंगाच्या सिग्नलच्या एका आवर्तनात बसतात, त्यांच्या १६ नमुन्यांचे बहुतेक वेगवेगळे रंग दिसतात. आपल्याकडे टीव्ही पाल या दुसऱ्या पद्धतीचे, त्यामुळे ते बघायची सोयच नव्हती. याच वाटेनं २०१५ मध्ये ८०८८ एमपीएच या डेमोनं (करामत दाखवायला लिहिलेला प्रोग्राम) मूळ आयबीएम पीसी आणि साध्या सीजीएवर १०२४ रंग दाखवले.